वाचकांचे प्रश्न : टेकडीवरचं काळं मांजर आणि सोलापूरचा पडदा

मागच्या अंकात पॅरिसमधल्या मोंमार्त्र या टेकडीवरच्या वस्तीबद्दल आणि तिथल्या 'ल शा न्वार', म्हणजे 'काळं मांजर', या अड्ड्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं सोलापूरची आहेत. पत्रं लिहिणाऱ्यांना नुसती माहिती नको आहे, यातलं काय आपल्याकडे करता येईल ते हवं आहे. म्हणून सावल्यांच्या खेळाचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर वाद झाला. 'बोहेमियन' म्हणजे दारू पिऊन उंडारणारे कलावंत, असं एकांचं म्हणणं. खरं काय? (नवी पेठ)

उत्तर : युरोपात भटक्या रोमा लोकांना फ्रेंच माणसं 'बोएमियँ' म्हणत, कारण ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आले असा समज होता. पुढे घरदार, नोकरी, ठरलेला पगार यांच्या चौकटीबाहेर राहणाऱ्या लेखक-चित्रकारांना तेच नाव पडलं. ते लोकांच्या तोंडी बसवलं आंरी म्युर्जे या लेखकानं. 1840च्या दशकात पॅरिसच्या विद्यार्थी वस्तीतल्या आपल्या मित्रांवर त्यानं एका छोट्या पत्रात गोष्टी लिहिल्या. 1851 साली त्यांचं पुस्तक झालं आणि 1896 साली पुच्चिनीनं त्यावर ऑपेरा रचला.

आता तुमच्या वादाचं. म्युर्जेच्या मित्रमंडळाचं नाव होतं 'पाणी पिणारे'. वाइन परवडत नव्हती म्हणून हे नाव. पुढच्या काळात मोंमार्त्रवर दारूनं अनेकांचा घात केला, हेही तितकंच खरं. पण बोहेमियनपणाची जात ठरवायची असेल, तर ती व्यसनाची नव्हे, तंगीची आहे. स्वस्त खोली, उधारीचा चहा-पाव आणि हाती लागेल त्या साहित्यातून उभी केलेली कला, असा तो संसार होता.

आणखी एक खुलासा. 'कॅबरे' म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला नाच आठवतो. मोंमार्त्रचा कॅबरे म्हणजे छोटी मद्यगृहं. तिथं कवी आपल्या कविता स्वतः म्हणत आणि गाणारे स्वतःची गाणी स्वतः गात.

प्रश्न : हे सगळं त्याच टेकडीवर का जमलं? (टिळक चौक)

उत्तर : जकातीमुळे. सोलापूरकरांना जकात नाका वेगळा समजावायला नको. पॅरिसभोवती करवसुलीसाठी बांधलेली भिंत होती. भिंतीच्या आत येणाऱ्या वाइनवर कर पडे, बाहेर ती स्वस्त मिळे. मोंमार्त्र हे भिंतीला लागून पण बाहेरचं गाव. साहजिकच पिण्याची आणि नाचण्याची ठिकाणं तिथं उगवली. 1 जानेवारी 1860 रोजी ते शहरात सामील झालं, पण सवय टिकली आणि भाडीही बराच काळ कमी राहिली.

दुसरं कारण जमिनीखालचं. या टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या. प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव तिथूनच आलं. पोखरलेल्या जमिनीवर मोठ्या इमारती चढवणं अवघड, म्हणून उतारावर कितीतरी वर्षं शेड, बागा आणि पत्र्या-फळ्यांची घरं राहिली. पिकासो 1904 साली ज्या 'बातो लाव्हवार' नावाच्या लाकडी वाड्यात राहायला आला, तिथं सगळ्या बिऱ्हाडांत मिळून पाण्याचा एकच नळ होता.

पण नुसत्या स्वस्ताईनं अड्डा होत नाही. एमिल गुदो या कवीनं 1878 साली नदीपलीकडच्या विद्यार्थी वस्तीत कवींचं एक मंडळ सुरू केलं होतं. नोव्हेंबर 1881मध्ये रोदोल्फ सालिसनं टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं 'काळं मांजर' उघडलं आणि हे अख्खं मंडळ तिथं आणलं. दोनच महिन्यांत, जानेवारी 1882मध्ये, त्याच नावाचं चार पानी साप्ताहिक निघालं. संध्याकाळी खोलीत म्हटलेली कविता शनिवारी छापून बाहेर पडे आणि अंक वाचलेला माणूस पुढच्या संध्याकाळी खोलीत येई. आमच्या मते सालिसची खरी हुशारी या जोडणीत होती. कवींना पैसे द्यायच्या बाबतीत मात्र तो हात आखडताच घेई.

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा देखाव्याऐवजी 'काळं मांजर'सारखा सावल्यांचा खेळ करायचा आहे. विषय गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. सामान, खर्च कमी, आणि काय चुकू शकतं ते सांगा. (साखर पेठ)

उत्तर : विषय उत्तम निवडलात. का, ते पुढे येईल.

आधी मूळ खेळ कसा होता ते. 1885 साली सालिसनं मोठी जागा घेतली. तिथं बाहुल्यांसाठी छोटा रंगमंच होता. एके संध्याकाळी ज्यूल जुई गाणं म्हणत असताना आंरी रिव्हिएर या तरुण चित्रकारानं त्या रंगमंचाच्या चौकटीवर पांढरा रुमाल ताणला आणि मागून पुठ्ठ्याच्या आकृत्या सरकवल्या. तिथून सुरुवात झाली आणि पुढच्या दहा वर्षांत 40हून अधिक खेळ झाले. पुठ्ठ्याच्या जागी जस्ताचा पत्रा आला. आकृत्या लाकडी चौकटीतल्या खाचांमधून सरकत. पडद्यापासून जितकी आकृती मागे, तितकी तिची सावली फिकट, त्यामुळे पुढचा माणूस काळाभोर आणि मागचा डोंगर करडा दिसे. रंग येत तो दिव्यापुढच्या रंगवलेल्या काचांतून. शेजारी पियानो वाजे आणि सालिस स्वतः उभा राहून निवेदन करी.

आपल्याकडच्या परंपरेशी याचा फरक नीट लक्षात घ्या. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या थोरांना तोलू बोम्मलाटा हा सावल्यांचा बाहुलीखेळ ठाऊक असेल आणि कोकणात पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. त्या बाहुल्या पातळ, रंगवलेल्या चामड्याच्या असतात, म्हणून सावलीच रंगीत पडते. बाहुली पडद्याला टेकवून नाचवतात. पॅरिसच्या खेळात आकृती अपारदर्शक असते, रंग उजेडात असतो आणि आकृत्या वेगवेगळ्या अंतरावर असतात. नवख्या मंडळाला दुसरी पद्धत सोपी जाते, कारण तिच्यात हातपाय हलवण्याचं कसब लागत नाही, सरकवण्याची शिस्त लागते.

*पडदा.* चार फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट करा. त्यावर पांढरं मांजरपाट लावायचं. कापड आधी दोनदा धुऊन खळ काढा. खळ राहिली तर उजेडात ढगासारखे डाग दिसतात, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. खिळे कोपऱ्यापासून न मारता प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्याकडे मारत जा. शेवटी पाण्याचा हबका द्या, वाळताना कापड ताणलं जातं. चादरीचं किंवा पॉपलिनचं दाट कापड नको, उजेड अडतो. पंख्याचा झोत पडद्यावर येऊ देऊ नका, नाहीतर सगळी यात्रा पाण्यात चालल्यासारखी हलेल.

*दिवा.* इथं बहुतेक खेळ फसतात. सावली रेखीव यायची तर उजेडाचा उगम लहान हवा. दुधी बल्बचा गोळा साधारण 6 सेंमीचा असतो. दिवा पडद्यापासून 2 मीटरवर आहे आणि आकृती पडद्यापासून 20 सेंमीवर आहे असं धरा. सावलीची कड जवळजवळ 7 मिलिमीटर पुसट होते, म्हणजे आकृतीच्या हाताची बोटं नाहीशी होतात. तीच आकृती पडद्यापासून 2 सेंमीवर आणली तर पुसटपणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. उगम 1 सेंमीचा असेल तर 20 सेंमीवरही कड एक मिलिमीटरच पसरते. म्हणून एकाच चकतीचा छोटा एलईडी घ्या, पुढची दुधी काच आणि मागची चकचकीत वाटी काढून टाका. अनेक दाण्यांचा फ्लडलाइट घेतला तर दाण्यागणिक एक सावली पडते आणि एका नंदीध्वजाचे, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठीचे, वीस होतात. तालमीसाठी मोबाइलचा टॉर्च पुरतो. त्याचा उगम फार लहान असल्यानं सावली सुंदर येते, फक्त उजेड कमी पडतो.

दिवा कुठं ठेवायचा हे प्रेक्षक कुठं बसलेत त्यावर आहे. डोळा, पडदा आणि दिवा एका रेषेत आले की कापडामागे पांढरा गोळा झळकतो. सतरंजीवर बसलेले लोक वर बघतात, त्यांच्यासाठी दिवा पडद्याच्या खालच्या कडेच्याही खाली ठेवा. मागे उंच ओट्यावर लोक असतील तर तो वर न्या. आधी स्वतः सगळ्या कोपऱ्यांत बसून बघा.

*आकृत्या.* जस्ताच्या पत्र्याऐवजी ऑफसेट छापखान्यातल्या वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा घ्या. त्या भंगाराच्या भावात मिळतात आणि कात्रीनं कापता येतात. कडा कानशीनं घासा, हात कापतो. लहान मुलं काम करणार असतील तर काळा जाड कार्डशीट बरा. आकृतीची उंची 20 ते 25 सेंमी ठेवा. चेहरा नेहमी बाजूनं काढा, समोरून काढलेल्या चेहऱ्याची सावली म्हणजे नुसता बटाटा. डोळे-नाक कोरण्यापेक्षा पेहरावाच्या बाह्यरेषेवर मेहनत घ्या. बाराबंदीचा घेर, फेट्याचं टोक, खांद्यावरची काठी यावरून माणूस ओळखू येतो.

आणि इथंच तुमचा विषय जमतो. रिव्हिएरच्या साथीदारांपैकी कारां दाश यानं नेपोलियनच्या सैन्याचा खेळ केला होता. त्यात एकेक शिपाई हलत नसे. एकाच पत्र्यात मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या शिपायांची अख्खी रांग कापलेली असे आणि एका ढकलीत फौज निघे. मानाचे सात नंदीध्वज तसेच करा. दीड मीटर लांबीच्या दोन-तीन पट्ट्या जोडा, पहिला नंदीध्वज 45 सेंमीचा, सातवा 20 सेंमीचा, मधले उतरत्या क्रमानं. काठी उंच आणि बारीक असल्यानं पत्रा वाकतो, म्हणून मागून सायकलची आरी चिकटवा. काठी किंचित डुलायला हवी असेल तर तळाशी एकच चाप बटण लावून ती सैल ठेवा, मिरवणूक सरकली की आपोआप डुलेल. सातही काठ्या डुलवायचा मोह टाळा. एक डुलली की डोळा उरलेल्यांत डुलणं भरून काढतो.

*खाचा.* पडद्यामागे खालच्या कडेला तीन समांतर खाचा हव्यात, पडद्यापासून 2, 10 आणि 20 सेंमीवर. सरकत्या खिडकीचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रॅक अगदी योग्य. त्यात मेणबत्ती घासा म्हणजे किरकिर होत नाही. पहिल्या खाचेत मिरवणूक, दुसरीत गर्दी आणि झाडं, तिसरीत तळं आणि सिद्धेश्वराच्या मंदिराचं शिखर. दूरचं मंदिर फिकट दिसायला हवं, म्हणून तिसऱ्या खाचेपुरता उगम थोडा मोठा चालतो. त्यासाठी दिव्यापुढे बटर पेपरचा बोटभर तुकडा धरून बघा. ढकलणारी माणसं पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहतील, मध्ये कोणी नाही. मध्ये डोकं आलं की ते शिखरापेक्षा मोठं दिसतं. कारण सरळ आहे. दिवा आणि पडदा यांच्या बरोबर मध्यावर असलेल्या वस्तूची सावली दुप्पट होते.

*रंग.* मंडपात वापरतात तो जिलेटीन पेपर पुरे. पहाटेला पिवळा आणि त्याच्या खालच्या भागात गुलाबी, रात्रीला निळा. दोन रंगांच्या मधली कड दिव्याच्या अगदी जवळ ठेवली तर पडद्यावर ती विरघळून जाते. पडद्याजवळ नेली तर रेघ दिसते. एलईडीवर कागद टिकतो, जुन्या हॅलोजनवर पाच मिनिटांत आकसतो आणि जळूही शकतो. शोभेच्या दारूकामाच्या प्रवेशासाठी काळ्या कागदाला सुईनं भोकं पाडा आणि मागून रंगीत कागद हलवा.

खेळ बारा मिनिटांपेक्षा लांबवू नका. सात-आठ प्रवेश, सहा माणसं : चौघं ढकलायला, एक दिव्याला, एक निवेदनाला. संबळ किंवा हलगी प्रत्यक्ष वाजवा. रेकॉर्ड लावली की ढकलणाऱ्याला तिच्यामागे धावावं लागतं. वाजवणारा समोर असेल तर पट्टी अडकली तरी तो दोन आवर्तनं जास्त वाजवून सांभाळून घेतो. आणि विजेचं बघा. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात दिवा लुकलुकतो, तर या एका दिव्यासाठी बॅटरी वेगळी ठेवा.

प्रश्न : तिथले गाणारे जुन्या चालींवर नवी गाणी रचत असं तुम्ही लिहिलंत. आमच्या कलापथकात तेच करतो, पण शब्द चालीत बसत नाहीत, ओढाताण होते. (बार्शी)

उत्तर : फ्रान्समध्ये ही रीत फार जुनी. गाण्यावर 'अमुक गाण्याच्या चालीवर' असं छापत. 1811 साली तर अशा चालींना क्रमांक देऊन त्यांचा मोठा संग्रहच निघाला. कवीनं क्रमांक लिहायचा, गाणाऱ्यानं चाल ओळखायची. आपल्या जुन्या पदसंग्रहांत कवितेच्या डोक्यावर 'चाल :' असते, तीच ही गोष्ट. लोकांना चाल आधीच पाठ असते, त्यामुळे पहिल्याच वेळी त्यांचं सगळं लक्ष शब्दांवर राहतं. विडंबन, बातमी, टीका यांना याहून सोयीचं वाहन नाही. शाहीर अमर शेख तुमच्याच गावचे. गर्दीला गाणं लगेच उचलता आलं पाहिजे, हे शाहिरीला कायम उमगलेलं आहे.

ओढाताण होते ती मात्रांमुळे. नवे शब्द रचताना आपण अर्थ आणि यमक बघतो, मात्रा मोजत नाही. समजा चाल केरव्यातली आहे आणि ओळ सोळा मात्रांची, म्हणजे आठ-आठची दोन आवर्तनं. ही ओळ घ्या :

गिरणीचा भोंगा वाजला नाही

मोजा : गिरणीचा 6, भोंगा 4, वाजला 5, नाही 4. एकूण 19. तीन मात्रा जास्त. गाणारा 'चा' आणि 'ला' गिळतो, तेवढ्यात सम निसटते. आता हे बघा :

गिरणी भोंगा वाजत नाही
धोटा निजला, मागहि निजला

गिरणी 4, भोंगा 4, वाजत 4, नाही 4. दुसरी ओळही चार-चार-चार-चार. प्रत्येक शब्द चार मात्रांच्या घरात पुरा मावतो, म्हणून पहिल्याच वेळी म्हणता येतो. शब्दाचे तुकडे होऊन दोन घरांत पडणं चुकीचं नाही, पण समूहगानात त्रासाचं आहे, कारण श्वास कुठं घ्यायचा ते दहा जणांना दहा प्रकारे वाटतं.

जोडाक्षराकडे लक्ष ठेवा. 'रस्ता'मधला 'र' दिसायला लघु, पण पुढच्या जोडाक्षरामुळे त्याच्या दोन मात्रा होतात. लांब सुरावर 'आ', 'ओ', 'ए' आणा. तिथं 'ई' किंवा 'ऊ' आला की उंच पट्टीत गळा आवळतो. ओळीच्या शेवटी चाल लांबत असेल तर तिथं 'वाट', 'गाव' असे व्यंजनांत मिटणारे शब्द नकोत. 'वाटा', 'गावा' चालतील.

बोलीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. आरिस्तिद ब्रुआं यानं सालिसची जुनी जागा 1885 साली घेतली आणि पॅरिसच्या कडेच्या वस्त्यांची रांगडी बोली थेट गाण्यात आणली. एकेका गाण्याला एकेका वस्तीचं नाव. सोलापूरच्या पेठांवर अशी मालिका करता येईल आणि ती प्रमाण भाषेत मुळीच करू नका. फक्त लक्षात असू द्या, बोली बदलली की मात्रा बदलतात. 'काय करतोस'च्या 8 मात्रा. 'काय करलालास'च्या 10, आणि पुढे 'बे' जोडलं की 12. म्हणजे आठच्या आवर्तनाला बसवलेल्या ओळीत नंतर सोलापुरी शब्द घुसडता येत नाही. ओळ पहिल्यापासून बोलीतच सुचायला हवी, चाल तिच्याजोगती निवडायची.

परवानगीचं म्हणाल तर ओवी, भारूड, गोंधळ, पोवाडा यांच्या पारंपरिक चाली सगळ्यांच्या. सिनेमाच्या चालीवर मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं हक्क असतो. ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध करायचं असेल तर परवानगी घ्या.

प्रश्न : एरिक साती 'काळं मांजर'मध्ये पियानो वाजवायचा ना? त्याची पहिली जिम्नोपेदी हार्मोनियमवर वाजवता येईल का? पियानो आमच्याकडे नाही. (विजापूर रोड)

उत्तर : येईल, पण एकट्याला नाही.

साती हा फ्रेंच संगीतकार तिथं 1880च्या दशकाच्या अखेरीस साथीला बसे. 'जिम्नोपेदी' नावाच्या त्याच्या पियानोच्या तीन छोट्या रचना 1888 सालच्या. पुढे त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या रचनेचं वाद्यवृंदासाठी रूपांतर देब्युसीनं केलं. गोंगाट आणि धूर यांनी भरलेल्या खोलीच्या शेजारी इतकं रितं, संथ संगीत तयार झालं, ही आम्हाला त्या काळातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

सा पांढरी दोन धरा. रचना तीन-तीन मात्रांची आहे. पहिल्या मात्रेवर खर्जाचा एक सूर, दुसऱ्यावर तीन सुरांचा गुच्छ, तो तिसऱ्या मात्रेपर्यंत धरायचा. एका आवर्तनात खाली मध्यम आणि वर ध-सा-ग, पुढच्या आवर्तनात खाली षड्ज आणि वर प-नी-ग. सुरुवातीचा बराच भाग या दोनच गोष्टींच्या झुल्यावर चालतो. चार आवर्तनं नुसता झुला, पाचव्यात दुसऱ्या मात्रेपासून धून :

– ग प | म ग नी | ध नी सा | प – –

यातला पहिला नी आणि पुढचे ध, नी हे षड्जाच्या खालचे, शेवटचा पंचमही खालचा. त्यानंतर खालचा गंधार चार आवर्तनं लांबवायचा. धून झुल्याच्या वरच्या सप्तकात ठेवा.

अडचण भात्याची. हातपेटीत एक हात भात्याला जातो, मग खर्ज धरून वरचा गुच्छ वाजवणार कसा? तीन उपाय. समोर बसून दुसऱ्यानं भाता मारायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. किंवा दोन पेट्या, एकीवर झुला, दुसरीवर धून. सर्वांत उत्तम म्हणजे जुनी पायपेटी. संगीत नाटकवाल्या एखाद्या घरात धूळ खात पडलेली असते, तिचे भाते तपासून घ्या.

पियानोचा सूर वाजला की विरत जातो, पेटीचा तसाच उभा राहतो. म्हणून गुच्छ तिसरी मात्रा संपायच्या किंचित आधी सोडा, नाहीतर सगळं एकमेकांत लगदा होतं. कपलर बंद ठेवा. झुल्याच्या पेटीला खर्जाचे सूर उघडा, धुनेच्या पेटीला एकच नर सूर ठेवा. श्रुती लावून घेतलेली पेटी नको, गुच्छ बेसूर लागतील. लय मिनिटाला साधारण 70 मात्रा. तबला अजिबात नको. दादऱ्याचा 'धा' पहिल्या मात्रेवर पडला की झुल्याचा तोल जातो.

रागाच्या अंगानं जाऊ नका, मींड-मुरकी घेऊ नका. पण कानाला एक मजा जाणवेल ती सांगतो. खाली षड्ज असताना हे सूर बिलावलाचे वाटतात. खाली मध्यम आला की तोच मध्यम षड्ज होऊ पाहतो आणि तेच सूर कल्याण थाटाचे वाटू लागतात. दर तीन मात्रांनी मन या दोन घरांत ये-जा करतं. त्या रचनेतली हुरहुर तिथून येते. साती 1925 साली वारला, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठं होत्या? (जुळे सोलापूर)

उत्तर : होत्या, आणि पडद्यामागे नव्हत्या. सुझान व्हालादों ही कष्टकरी बाईची मुलगी. चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसता बसता ती रेखाटनं शिकली आणि स्वतः मोठी चित्रकार झाली. यव्हेत गिल्बेर हातात लांब काळे मोजे घालून उभी राहायची आणि गाणं अर्धं म्हणायची, अर्धं बोलायची. आवाज लहान, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत प्रत्येक अक्षर पोचे. बैठकीच्या लावणीत शब्दावर अदा कशी ठेवतात हे मोडनिंबला ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना गिल्बेरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ओळखीचं बरंच सापडेल. व्हालादोंवर स्वतंत्र लेख देणार आहोत.

प्रश्न : काळ्या मांजराचं ते प्रसिद्ध पोस्टर आमच्या कारखान्यात टॉवेलवर छापायचं आहे. चालेल का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : चालेल. ते 1896 सालचं, चित्रकार स्तेनलेन 1923 साली वारला, हक्काची मुदत केव्हाच संपली. 'काळं मांजर'च्या मंडळींच्या दौऱ्याची ती जाहिरात होती.

मात्र लूपच्या टॉवेलवर छापू नका. मांजराच्या मिशा आणि अक्षरांच्या बारीक कडा लूपमध्ये बुडतात. टॉवेलच्या दोन्ही टोकांना साधा विणलेला पट्टा असतो त्यावर, नाहीतर सरळ साध्या सुती कापडावर छापा. तीन फ्रेम लागतील : आधी पिवळट पार्श्वभूमी, मग लाल, शेवटी काळा. काळा शेवटी आला की लाल-पिवळ्याचा एखाद-दुसरा मिलिमीटर सरकलेला जोड त्याच्याखाली झाकला जातो. मिशा मूळ चित्रापेक्षा थोड्या जाड करून घ्या, दीड मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ दोन-तीन धुण्यांत तुटक दिसू लागते. आणि मांजराभोवतीचं लाल वलय कापू नका. जागा वाचवायला बरेच जण नुसतं मांजर घेतात, पण त्या वलयाशिवाय पिवळ्यावरचा काळा आकार रस्त्यावरच्या कुठल्याही मांजरासारखा दिसतो.